ऑर्डर राउंडची, रुग्ण रात्रीचा

विचार डॉक्टरांनी करायचा आणि सिस्टरने तो अमलात आणायचा, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की कुणाला ती मुद्दाम मांडावीही लागत नाही. नातेवाईक सलाईन संपल्याचं सिस्टरला सांगतात आणि ‘पेशंटला नेमकं काय होतंय’ हे विचारायला मात्र डॉक्टरांची वाट बघत बसतात. मुलीला नर्सिंगला घालणारे आईबाप तिचा स्वभाव सोशिक आहे, हात हलका आहे असं कौतुकाने सांगतात. तिचं डोकं तल्लख आहे म्हणून नर्सिंगला घातलं, असं सांगणारे विरळा. आणि सगळ्यात सलणारी गोष्ट अशी की वॉर्डात उभं आयुष्य काढलेल्या परिचारिकाही नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात बजावतात, ‘जास्त डोकं चालवू नकोस. केस पेपरवर लिहिलंय तेवढं कर.’ मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. हे मत चुकीचं आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

मत खोडायचं तर आधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे. पूर्वपक्ष म्हणतो, रोगनिदान आणि औषधयोजना हे वैद्यकीय पदवीधराचं काम. एमबीबीएसला साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिपचं. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. ज्याचा अभ्यास त्याचा निर्णय, हे रीतसरच आहे. दुसरं असं की रुग्णालयात जबाबदारीची साखळी स्पष्ट हवी. एका रुग्णाबाबत चार जण आपापल्या मतीने वागू लागले तर एखादं औषध दोनदा जाईल, एखादं जाणारच नाही, आणि काही विपरीत घडलं तर जाब कुणाला विचारायचा हेच कळणार नाही. शिवाय परंपरेचा दाखला आहेच. सुश्रुतसंहितेत परिचारकाचे गुण सांगताना तो वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणारा असावा, असं म्हटलं आहे. लॅम्प लायटिंगच्या कार्यक्रमात आमच्या मुली जी नाइटिंगेल प्रतिज्ञा घेतात, तिच्या मूळ मसुद्यातही डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचं वचन आहे.

परंपरेचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात कच्चा आहे. सुश्रुताने वैद्यवचनाचं पालन सांगितलं हे खरं. पण त्याच श्लोकात परिचारक रुग्णाच्या रक्षणात गुंतलेला असावा, हेही सांगितलं आहे. चरकसंहितेतल्या यादीत तर परिचारकाचा पहिला गुण उपचारज्ञता. मग दक्षता, रुग्णाविषयी जिव्हाळा आणि शुचिता. आज्ञापालन त्या यादीत नाहीच. राहिली प्रतिज्ञा. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलसाठी लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि तिला नाइटिंगेल यांचं नाव दिलं. खुद्द नाइटिंगेल यांचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ १८५९ सालचं. त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि काय पाहायचं, पाहिलेल्यातलं काय सुधारण्याचं लक्षण आणि काय बिघडण्याचं, हे परिचारिकेला शिकवण्यावर त्यांचा सगळा भर आहे. ज्यांच्या नावाने आम्ही दिवा लावतो, त्यांनी परिचारिकेच्या डोळ्यांइतकंच तिच्या निष्कर्षाकडे लक्ष दिलं होतं.

आता मूळ प्रश्न. पूर्वपक्षाची खरी चूक अभ्यासाच्या वर्षांची तुलना करण्यात नाही. ती वेळेचा हिशोब न करण्यात आहे. ऑर्डर ही राउंडच्या वेळी पाहिलेल्या रुग्णासाठी लिहिलेली असते. सकाळी नऊला डॉक्टरांनी जो रुग्ण तपासला, तो दुपारी तीनला तसाच राहतो असं नाही, आणि रात्री दोनला तर त्याची अवस्था पार वेगळी असू शकते. दोन राउंडांच्या मधले तास रुग्णाजवळ कोण असतं? तिथे जे बदलतं ते प्रथम कुणाच्या हाताला, कानाला, नजरेला जाणवतं? त्या बदलाचा अर्थ लावायचा नाही असं परिचारिकेला सांगितलं, तर ते तास रुग्णासाठी कुणीच विचार करत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

अगदी साधं उदाहरण घ्या. केस पेपरवर लिहिलं आहे: नाश्त्यापूर्वी रेग्युलर इन्सुलिन दहा युनिट. ऑर्डर बरोबर आहे, सहीही आहे. सकाळी कळतं की याच रुग्णाला सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायला सांगितलंय आणि सोनोग्राफीचा नंबर साडेअकराला आहे. ग्लुकोमीटरवर साखर ८४. ‘लिहिलंय तेवढं कर’ हा नियम पाळणारी परिचारिका साडेसातला दहा युनिट टोचेल, आणि नऊ-साडेनऊला तो माणूस घामाने डबडबून, थरथरत, असंबद्ध बोलायला लागेल. विचार करणारी परिचारिका इंजेक्शन थांबवेल, रेसिडेंटला फोन करेल, ‘सर, हे उपाशी आहेत, शुगर ८४ आहे, इन्सुलिन होल्ड केलंय, काय करायचं?’ असं विचारेल आणि ते वेळेसह चार्टवर लिहील. तिने डॉक्टरांच्या अधिकारात हात घातला का? उलट, ऑर्डरमागचा हेतू तिने सांभाळला. साखर काबूत ठेवणं हा तो हेतू होता. शब्दाला चिकटून राहिली असती तर हेतूच मोडला असता.

पूर्वपक्षाची दुसरी गल्लत अशी की विचार म्हणजे रोगनिदान, असं तो धरून चालतो. परिचारिकेचा विचार वेगळ्या प्रश्नाभोवती फिरतो. रोग कोणता, हा डॉक्टरांचा प्रश्न. हा रोग या माणसाच्या शरीरात आणि दिनक्रमात काय करतोय, पुढच्या आठ तासांत त्याला कोणता धोका आहे आणि तो टाळायला मी काय करायचं, हा परिचारिकेचा. एका वॉर्डात शेजारी शेजारी न्यूमोनियाचे दोन रुग्ण आहेत असं समजा. एक तिशीतला ऊसतोड कामगार. दुसरे पंचाहत्तरीचे आजोबा, पक्षाघातानंतर घास गिळताना ज्यांना ठसका लागतो. दोघांच्या केस पेपरवर अँटिबायोटिक तेच, डोसही तोच. पण आजोबांना पेज भरवताना पाठ किती उंच हवी, भरवून झाल्यावर किती वेळ बसतं ठेवायचं, तोंड दिवसातून किती वेळा स्वच्छ करायचं, कुशीवर कधी वळवायचं, पाणी पातळच द्यायचं की घट्ट करून, गिळायची चाचणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचंच नाही का, यातलं बहुतेक काही कुणी ऑर्डरमध्ये लिहीत नाही. हे ठरवलं नाही तर पहिला न्यूमोनिया बरा होता होता घास श्वासनलिकेत जाऊन दुसरा होतो.

पाठीवरच्या जखमांचंही तसंच. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या मोजपट्टीत सहा गोष्टी पाहतात: संवेदना, ओलसरपणा, हालचाल, स्वतःहून कूस बदलण्याची ताकद, आहार आणि चादरीशी होणारं घर्षण. एकूण गुण ६ ते २३. १८ किंवा त्याखाली आले की धोका आहे असं मानतात. मोजपट्टी पाच मिनिटांत भरते. खरा विचार त्यापुढे सुरू होतो. गुण ओलसरपणामुळे कमी झाले असतील तर नुसतं दर दोन तासांनी कुशीवर वळवून भागणार नाही. आहारामुळे झाले असतील तर हवेची गादी आणून भागणार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिची १९७३ पासून २०१५ पर्यंत शुश्रूषा केली. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर बेडसोअर होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा गौरव केला. लोकांनी त्यात माया पाहिली आणि ती होतीच. पण नुसत्या मायेने चार दशकं त्वचा शाबूत राहत नाही. प्रत्येक पाळीत कुणीतरी ती त्वचा पाहिली, आज काय वेगळं दिसतंय हे ओळखलं, आणि त्याप्रमाणे पुढच्या पाळीचं काम ठरवलं. त्या बुद्धीचं कौतुक आपण करायला विसरलो.

हा विचार प्रत्यक्षात कसा चालतो ते एका रात्रीच्या पाळीतून दाखवते. रुग्ण कल्पित आहे, पण सर्जिकल वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, वजन साठ किलो. आतड्याला पीळ पडला म्हणून शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा भाग काढून टोकं जोडली. आज चौथी रात्र. रात्री दोनला त्या म्हणतात, ‘सिस्टर, पोटात लई कळा येत्यात. झोपच लागंना.’ केस पेपरवर दुखल्यास द्यायचं इंजेक्शन लिहिलेलं आहे. ते दिलं की त्या शांत होतील आणि वॉर्डही शांत होईल.

विचार करणारी परिचारिका आधी हात लावते. तळवा गार आहे. मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या किती तरी टीपीआर चार्टवर सगळ्या रुग्णांचे श्वास १८ किंवा २० असतात. ते कुणी मोजलेले नसतात, रकाना भरायचा म्हणून भरलेले असतात. इथे श्वास २४ भरतात. नाडी ११२, सकाळी ८६ होती. रक्तदाबाचा वरचा आकडा १०४, सकाळी १३०. ऑक्सिजन ९५. ताप नाही, ९९. युरोबॅगेत गेल्या चार तासांत ७० मिली लघवी. साठ किलोच्या माणसाची तासाला निदान ३० मिली तरी हवी, म्हणजे चार तासांत १२०.

आता हे आकडे एकमेकांसमोर ठेवायचे. दुखण्याने नाडी आणि श्वास वाढतील, पण नुसत्या दुखण्याने रक्तदाब उतरत नाही. लघवी कमी दिसतेय ती कॅथेटरला पीळ बसलाय म्हणून का? ती नळी तपासते, मोकळी आहे. ओटीपोट फुगलेलं नाही. रक्तस्राव? ड्रेसिंग कोरडं आहे, ड्रेनमध्ये ताजं रक्त नाही, पण आत साचत असेल तर ते बाहेर दिसणारच नाही. डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहते, फारशा पांढुरक्या नाहीत. आतड्याची जोड गळत असेल तर? शस्त्रक्रियेनंतरचे हे दिवस त्यासाठी धोक्याचेच. ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही असं म्हणता येत नाही. वय वाढलेल्या किंवा खंगलेल्या रुग्णाला ताप उशिरा येतो, कधी येतच नाही. पोट सकाळी मऊ होतं, आता ताठ आहे. निदान कोणतं हे तिला ठरवायचं नाहीच. पण ही बाई सकाळच्या मानाने घसरते आहे आणि हे सकाळच्या राउंडपर्यंत थांबणारं नाही, एवढं तिला ठरवायलाच हवं. ते तिच्याखेरीज त्या क्षणी दुसरं कुणीही ठरवू शकत नाही.

मग ती रेसिडेंटला बोलावते. आकडे सकाळच्या आकड्यांसकट सांगते, ‘आत्ता येऊन बघा’ असं म्हणते, आणि वेदनाशामक आत्ता देऊ का, की तुम्ही पोट तपासल्यावर, हेही विचारते. दुखणं थांबवायलाच हवं. दुखणं थांबलं म्हणजे प्रश्न मिटला असं समजायचं नाही, इतकंच. डॉक्टर येईपर्यंत ती दुसरी शीर धरून ठेवते, रक्ताचे नमुने घ्यायच्या ट्यूब काढून ठेवते, लघवी दर तासाला मोजायला सुरुवात करते. अर्ध्या तासाने पुन्हा नाडी, श्वास, रक्तदाब. क्रिस्टिन टॅनर या अमेरिकी प्राध्यापिकेने २००६ साली परिचारिकेच्या विचाराची चार अंगं सांगितली: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, आणि त्या कृतीचं काय झालं हे पाहून स्वतःचा अर्थ तपासणं. वरच्या रात्रीत चारही आहेत. शिकवताना आम्ही चौथ्या अंगाकडे सगळ्यात कमी लक्ष देतो.

यावर नवा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो जुन्यापेक्षा हुशार आहे. तो म्हणतो, हे सगळं आता तक्त्यात बसवलेलं आहे. परिचारिकेने आकडे भरावेत, तक्ता सांगेल काय करायचं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला ‘न्यूज’ हा तक्ता असाच आहे. वरच्या बाईंचे गुण त्यात लावून पाहिले तर श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, रक्तदाबाचा १, नाडीचे २, एकूण ६ होतात. पाचला तातडीने डॉक्टर बोलावायचे असतात. तक्ता उपयोगी आहे, आणि आपल्या प्रत्येक वॉर्डात असावा असं मला वाटतं. हृदयक्रिया बंद पडण्याआधी रुग्ण तासन्‌तास इशारे देत असतात, हे १९९० सालीच एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं: ६४ रुग्णांपैकी ८४ टक्क्यांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत बिघाडाच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी होत्या. नोंदी होत्या, पण त्या वेळीच जोडून कुणी पाहिल्या नव्हत्या. तक्ता ही जोडणी सोपी करतो.

पण त्याच बाईंना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू आहे असं धरा. हे औषध नाडी फारशी वाढू देत नाही. मग तीच बाई, तोच बिघाड, पण नाडी ११२ ऐवजी ८८ दिसेल आणि गुण ६ ऐवजी ४ भरतील. तक्ता म्हणेल, थांबायला हरकत नाही. औषधांची यादी आणि नाडीचा आकडा एकत्र वाचणारी परिचारिका थांबणार नाही. तक्ता काढणाऱ्यांनाही हे माहीत होतं. हा तक्ता निर्णयाला मदत करण्यासाठी आहे, निर्णयाची जागा घेण्यासाठी नाही, असं त्यांनी सांगूनच ठेवलं आहे. काही देशांत तर आकडे ठीक असूनही परिचारिकेला रुग्णाची काळजी वाटतेय, एवढ्यावर तातडीचं पथक बोलावता येतं.

आता साखळीच्या मुद्द्याकडे येते. आज्ञा बिनबोभाट पाळल्या की रुग्ण सुरक्षित राहतो, हे गृहीतक अमेरिकेत १९६६ साली तपासलं गेलं. चार्ल्स हॉफलिंग यांच्या प्रयोगात अनोळखी ‘डॉक्टर’ वॉर्डात फोन करून परिचारिकेला एका अपरिचित औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगत. बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं की कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. फोनवरची ऑर्डर घ्यायची नाही असा रुग्णालयाचा नियमही होता. २२ पैकी २१ परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. त्यांना वाटेत थांबवलं गेलं, आणि बाटलीत निरुपद्रवी गोळ्या होत्या. हा प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो, आणि त्यातून परिचारिका कशा दबतात एवढाच निष्कर्ष काढला जातो. त्याची पुढची कडी फारशी कुणी सांगत नाही. १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी असाच प्रयोग केला, पण औषध परिचारिकांच्या ओळखीचं होतं, व्हॅलियम, आणि सहकाऱ्यांशी बोलायची मुभा होती. १८ पैकी १६ जणींनी तो जास्तीचा डोस दिला नाही. दोन्ही अभ्यास लहान आहेत, मधल्या अकरा वर्षांत काळही बदलला होता, तरी मला त्यांतून एक गोष्ट पटते. परिचारिकेला औषध माहीत असलं आणि शंका बोलून दाखवता आली, तर ती साखळीतली सगळ्यात भक्कम कडी ठरते. डॉक्टर एका रात्रीत चाळीस ऑर्डर लिहितो. एखाद्या ठिकाणी दशांश चिन्ह चुकणारच. ते रुग्णाच्या शिरेत जाण्यापूर्वी शेवटचा हात परिचारिकेचा असतो. त्या हाताला विचार करायला बंदी घालणं याला सुरक्षितता म्हणता येत नाही.

खरं तर परिचारिका विचार करत आल्याच आहेत, फक्त लपवून. लेनर्ड स्टाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली लिहिलेल्या लेखात हे नेमकं पकडलं होतं: परिचारिकेने सूचना करायची, पण ती सूचना डॉक्टरांनाच सुचली असं भासवायचं. आपल्याकडे ‘सर, एकदा बघता का?’ या चार शब्दांत हा सगळा व्यवहार चालतो. पण एका कुजबुजीत सहा तासांची निरीक्षणं मावत नाहीत, आणि अर्धवट झोपेतल्या रेसिडेंटला त्यातून निकड कळत नाही. म्हणून ‘एसबार’ ही निरोपाची पद्धत मला महत्त्वाची वाटते. अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांमधून ती रुग्णालयांत आली: आत्ता काय घडतंय, मागची हकीकत, मला काय वाटतं, आणि मी काय सुचवते. पहिले दोन भाग आमच्या मुली चोख सांगतात. तिसऱ्यापाशी आवाज बसतो. चौथा तर बहुतेकींनी कधी उच्चारलेलाच नसतो, कारण तो उच्चारायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात अवघड पूर्वपक्ष आमच्या घरातला आहे. परिचारिका स्वतःच म्हणतात, ‘केअर प्लॅन? तो कॉलेजच्या फाइलपुरता. वॉर्डात कोण लिहितं?’ त्यांचं बरंचसं खरं आहे, ते मान्यच केलं पाहिजे. फायलींवर फायली तपासते तेव्हा प्रत्येकीत पहिली ओळ तीच: शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे तीव्र वेदना. अपेंडिक्सच्या मुलाला तेच, सिझेरियनच्या बाईला तेच. उद्दिष्ट: वेदना कमी होतील. उपाय: आरामदायक स्थितीत ठेवणे, ऑर्डरप्रमाणे औषध देणे. मूल्यमापन: वेदना कमी झाल्या. हे सीनियरच्या फाइलमधून उतरवलेलं असतं. यातून विचार शिकता येत नाही, आणि ज्या मुलीने तीन वर्षं हे केलं तिला केअर प्लॅनचा कंटाळा आला तर दोष तिचा नाही. पण बनावट नाणं चालतं म्हणून खरं नाणं रद्द करत नाहीत. खऱ्या योजनेची एक ओळ अशी असते: पहाटे २ ते ८, लघवी दर तासाला, सलग दोन तास ३० मिलीच्या खाली गेली तर रेसिडेंटला कळवणे. तिच्यात वेळ आहे, मर्यादा आहे, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं तेही आहे. मुख्य म्हणजे ती खोटी ठरू शकते. सकाळी आठला कुणीही पाहून सांगू शकेल की अंदाज बरोबर होता की नाही. ‘वेदना कमी होतील’ हे कधीच खोटं ठरत नाही, म्हणून ते निरुपयोगी.

अनुभवी सिस्टर म्हणतात, आम्हाला रुग्णाकडे बघताच कळतं, लिहायची काय गरज. हेही निराधार नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात नवशिकी ते निष्णात असा परिचारिकेचा प्रवास मांडला, त्यात निष्णात परिचारिका नियम न आठवताही परिस्थिती पकडते असं दाखवलं आहे. ही जाण मी वॉर्डांत पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण ती आकाशातून पडत नाही. शेकडो रुग्णांच्या बाबतीत काय वाटलं होतं आणि काय निघालं, हे जिने ताडून पाहिलं तिच्यातच ती तयार होते. ज्या सिस्टरने असं ताडून पाहिलंच नाही, तिच्या गाठी वीस वर्षांनंतर सवयच असते. आणि सवय फसवते. ‘त्या तीन नंबरच्या बाई रोजच कण्हतात’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. रोज कण्हणाऱ्या बाईंचं आजचं कण्हणं निराळं आहे, हे अशा वेळी सगळ्यांच्या नजरेतून निसटतं.

आणि एका सिस्टरकडे चाळीस रुग्ण असताना हे सगळं कधी करायचं? या प्रश्नापुढे मी नम्र आहे. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री काय असतं हे रुग्णांचे नातेवाईकही सांगतील. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, तेव्हा परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही आकडा तितकाच आला; शिवाय पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं तर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. पण परिचारिका केवळ ऑर्डर पाळणारे हात असत्या, तर त्यांच्या शिक्षणाने मृत्यूच्या आकड्यात फरक का दिसावा, याचं उत्तर पूर्वपक्षाकडे नाही.

म्हणून मनुष्यबळाची तक्रार माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, ती माझ्याच बाजूची साक्ष आहे. जास्त परिचारिका हव्यात त्या विचाराला वेळ मिळावा म्हणून. आणि जोवर त्या मिळत नाहीत तोवर चाळीस जणांतल्या कोणत्या चौघांकडे आधी जायचं, हे ठरवणं हाच त्या रात्रीचा सगळ्यात मोठा विचार असतो. तो करावाच लागतो. शिकवलेला नसला तर अंधारात करावा लागतो.

आमच्या बाजूने बदलायची सुरुवात परीक्षेपासून व्हावी असं मला वाटतं. ‘केअर प्लॅनची व्याख्या लिहून टप्पे सांगा’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी मुलींच्या हाती सहा रुग्णांचे रात्री आठचे चार्ट द्यावेत, औषधांच्या यादीसकट, आणि विचारावं: पहिल्यांदा कुणाकडे जाशील, का, तिथे काय पाहशील, काय दिसलं तर डॉक्टरांना बोलावशील आणि फोनवर काय बोलशील. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ‘का’ कोरं सोडलं तर गुण देऊ नयेत. हॅंडओव्हरही टेबलापाशी रजिस्टर वाचून न घेता रुग्णाच्या खाटेशी उभं राहून व्हावा, आणि जाणाऱ्या सिस्टरने येणाऱ्या सिस्टरला या रुग्णाची आपल्याला कसली काळजी वाटते ते सांगावं. त्याला खाटेमागे अर्धं मिनिट पुरतं, आणि त्यासाठी कुणाच्या ऑर्डरची गरज नाही.